रांगेतला पुढचा नंबर

आमची मुलगी पुण्यातल्या एका विद्यापीठात पावसावर संशोधन करते, तेही आपल्याच कोकणच्या पावसावर. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडाले. तसला पाऊस आधी किती नेमका सांगता येईल, हा तिचा विषय. ही आकडेमोड लॅपटॉपच्या आवाक्यातली नाही. विद्यापीठात पुष्कळ संगणक एकमेकांना जोडून ठेवलेले असतात, त्याला क्लस्टर म्हणतात. सगळे विभाग त्यावर आपापली कामे टाकतात आणि नंबर लागायची वाट बघतात. ज्या पुण्यात १९९१ साली परम ८००० तयार झाला, तिथेही रांग काही चुकत नाही. ईदला घरी आली तेव्हा शीरखुर्मा खाताखाताही ती मोबाइलवर तीच रांग बघत होती. तिचे काम तीन दिवस जागचे हलले नव्हते.

"अब्बा, पैसे भरले तर पुढचा नंबर मिळतो," ती म्हणाली. तिच्या सरांकडे प्रकल्पाचा थोडा निधी आहे. त्यातून पुढचा नंबर घ्यायचा की रत्नागिरीकडे पर्जन्यमापके बसवायची, हे ठरायचे आहे.

आम्हा दोघांना ऐकूनच राग आला. तत्काळ तिकिटासारखेच की हे! जादा पैसे घेतात, पण गाडीला डबा काही वाढत नाही. फक्त बसणारा बदलतो.

तिने मग अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाची पद्धत सांगितली. २००८ साली तिथे ‘स्टील’ नावाचा क्लस्टर उभा राहिला तो प्राध्यापकांनी आपापल्या निधीतून घेतलेल्या संगणकांवर. ज्याने जितके घातले, तितक्यावर त्याचा पहिला हक्क. ते रिकामे असले की इतरांची कामे चालतात. इथे डबा वाढतो, त्यामुळे आमची हरकत नाही. काही ठिकाणी मात्र मालकाचे काम आले की पाहुण्याचे मध्येच बंद करतात. आपल्याकडे पावसात लाइट जाते तसे. केलेले सारखे साठवत राहावे लागते.

तिच्या विद्यापीठात मात्र पैशाने नुसता नंबर मिळतो, संगणक एकही वाढत नाही. ज्या गरीब विभागाकडे निधीच नाही, त्यातल्या मुलांनी मग कुठे जायचे?

तूर्त तिने वेगळी वाट धरली आहे. पाच तासांच्या कामाला चोवीस तास मागितले की रांगेत जास्त ताटकळावे लागते. लहान तुकडे करून नेमका वेळ मागितला, तर मोठ्या कामांच्या मधल्या फटीत ते बसून जातात. परवा रात्री तिचे दोन तुकडे असेच पार पडले.

सरांचा निर्णय व्हायचा आहे. एक मापक आपल्या गच्चीवर चालेल का, असे मात्र तिने विचारून ठेवले आहे.