चला, कनातीत जाऊ या!

दोस्तांनो, ‘रॉक’ हा शब्द तुमच्या कानावरून नक्की गेला असेल. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहरात ‘कॅव्हर्न क्लब’ नावाचं एक तळघर होतं. १९५७ साली ते सुरू झालं. डोक्यावर विटांच्या बुटक्या कमानी, आत दाटीवाटीनं उभी पोरं-पोरी, घामाघूम हवा, आणि समोर चार तरुण गिटार अन् ड्रम वाजवून तळघर दणाणून सोडताहेत! हे चौघे म्हणजे बीटल्स. १९६१ ते १९६३ या काळात त्यांनी त्या तळघरात जवळजवळ तीनशे कार्यक्रम केले. शहाण्यासुरत्या मोठ्या माणसांना तो नुसता गोंगाट वाटे. पोरं मात्र कान देऊन ऐकत.

आता मी म्हणालो, की तसाच घामाघूम, कान किटवणारा आणि पाय थिरकवणारा गोंगाट आपल्याकडे त्याच्या किती तरी आधीपासून चालू आहे, तर? विश्वास नाही बसत? मग चला माझ्याबरोबर. विमानाचं तिकीट नको, एसटीचं पुरे.

पुण्याहून नाशिककडे जाणारी गाडी पकडायची. नारायणगाव मागे पडतं, मग आळेफाटा, घारगाव. चंदनापुरीचा घाट उतरला की हिवरगाव पावसा. या गावाचं नाव ध्यानात ठेवा बरं का, त्याचं काम पुढे पडणार आहे. तिथून थोडं पुढे, प्रवरा आणि म्हाळुंगी या नद्यांच्या संगमावर वसलेलं संगमनेर. जिल्हा अहमदनगर. २०२४ पासून त्याचं सरकारी नाव अहिल्यानगर.

प्रवरेकाठची बागायत सोडली, तर जिल्ह्याचा बराचसा भाग कमी पावसाचा, ज्वारी-बाजरीचा. होळीनंतर शेतं मोकळी होतात आणि गावोगावच्या जत्रा सुरू होतात. जत्रा म्हणजे काय काय! सकाळी देवाची पालखी, दुपारी कुस्त्यांचा हगामा, संध्याकाळी पाळणे, रेवड्या आणि गोडीशेव. आणि रात्री? रात्री तमाशा!

थांबा, थांबा. ‘तमाशा’ हा शब्द वाचून घरातल्या कुणी हा अंक तुमच्या हातून काढून घेण्याआधी पुढचं ऐका. आपण पाहणार आहोत तो ढोलकी फडाचा तमाशा. त्यात देवाचं स्तवन आहे, विनोद आहे, नाच आहे, आणि शेवटी एक अख्खं नाटकही आहे. मोठ्या फडात शंभरावर माणसं असतात. दसऱ्याला ती घर सोडतात आणि अक्षय्य तृतीयेच्या आसपास परततात. म्हणजे वर्षातले सहा-सात महिने त्यांचं घर म्हणजे ट्रक! कलाकारांची पोरंही पुष्कळदा त्यांच्याबरोबरच. कुणाची शाळा मधेच सुटते, कुणी आजीजवळ राहून शिकतं.

गावाला फड हवा असेल, तर गावकरी पाडव्याच्या सुमारास नारायणगावला जातात. तिथे फडमालकांच्या राहुट्या लागलेल्या असतात. कोणता फड, कोणती तारीख, किती पैसे, सगळं ठरतं. याला म्हणतात ‘सुपारी देणं’. काही मोठे फड स्वतःचा तंबू लावून तिकिटावरही खेळ करतात.

आपण दुपारीच पोहोचलो तर उत्तम, कारण खरी गंमत तेव्हापासून आहे. सकाळी जिथे नुसतं ढेकळांचं रान होतं, तिथे ट्रक येऊन थांबतात. बांबू, दोर, फळ्या, लोखंडी पेट्या धडाधड खाली उतरतात. बघता बघता स्टेज उभं राहतं, भोवती कनात लागते, दिव्यांच्या माळा चढतात. मागच्या बाजूला तीन दगडांच्या चुलीवर भात शिजतोय. कुणी आरशासमोर भुवया कोरतंय. कुणी पायांत चाळ बांधतंय. घुंगरांच्या त्या पट्ट्या हातात घेऊन बघा, चांगल्या वजनदार लागतात. त्या बांधून रात्रभर नाचायचं, ही काही थट्टा नाही.

आणि तो कोपऱ्यात जाळ कशाला केलाय? थंडी तर नाही! जवळ जाऊन बघा. एक जण हलगी शेकतोय. हलगी म्हणजे कड्यावर ताणून बसवलेलं कातडं. रात्रीच्या दमट हवेत कातडं ओल धरतं आणि सैल पडतं. मग आवाज येतो बद्दबद्द. जाळावर धरलं की ओल उडते, कातडं आखडतं, ताण वाढतो. ताण जितका जास्त, तितकं कातडं भराभर थरथरतं आणि आवाज तितका टणक निघतो. विज्ञानाच्या पुस्तकातला ध्वनीचा धडा इथे चुलीजवळ शिकायला मिळतो!

ढोलकीची करामत वेगळी. लाकडाचं पोकळ खोड, दोन्ही तोंडांना कातडं. उजवं तोंड लहान, त्यावर काळी शाई चढवलेली. तिथे बोट पडलं की खणखणीत बोल निघतो. डावं तोंड मोठं. त्याच्या आतल्या बाजूनं तेलकट मसाला लावलेला असतो, म्हणून ते घुमतं. शिवाय झांजा, कडं, आणि एका तारेचं तुणतुणं. तुणतुणं दिसायला अगदी साधं, पण गाणाऱ्याचा सूर त्याच एका तारेच्या आधारानं उभा असतो. हल्ली या सगळ्यांच्या शेजारी कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडही दिसतात.

आता रात्र झाली. कनात गच्च भरलीय. पुढे पोरं मातीत बसलीत, मागे बाप्ये उभे, टोपी-फेट्यांची रांगच रांग. अजून स्टेजवर कुणी नाही. आणि एकदम... कडाड्! ढोलकीवर पहिली थाप पडते. हलगी तिला उत्तर देते. ढोलकी म्हणते, हे घे. हलगी म्हणते, बस एवढंच? लय वाढते, आणखी वाढते. दोघांचे हात दिसेनासे होतात. जमिनीतून आलेला दणका तुमच्या बरगड्यांना जाणवतो. शिट्ट्या, आरोळ्या! टोप्या हवेत उडतात. शेजारचे पांढऱ्या मिशांचे आजोबा मांडीवर ताल धरतात. त्या लिव्हरपूलच्या तळघरात यापेक्षा वेगळं काय होत असेल, सांगा बरं!

मग येतो गण, म्हणजे गणपतीचं स्तवन. इतका वेळ उधळलेली गर्दी इथे चक्क शांत होते. गणानंतर गवळण. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांची वाट अडवणारा कृष्ण, त्याचा सवंगडी पेंद्या आणि गवळणींची मावशी. ही मावशी म्हणजे लुगडं नेसलेला पुरुष! तिनं नुसती मान वेळावली तरी हसून हसून पोट दुखतं. मग बतावणी, लावण्या, सोंगाड्याचे चिमटे. गावचा सरपंच असो की मंत्री, सोंगाड्या कुणालाच सोडत नाही. आणि सगळ्यांत शेवटी वग, म्हणजे गाण्या-संवादांतून सांगितलेली मोठी गोष्ट. पूर्वी वग संपायला उजाडत असे.

हे सगळं या मातीत किती जुनं आहे, माहीत आहे? संगमनेरचे शाहीर अनंत फंदी यांचा काळ १७४४ ते १८१९. ते तमाशाचा फड गाजवत. त्यांची एक गोष्ट सांगतात. एकदा अहिल्याबाई होळकरांनी त्यांना विचारलं, की एवढी बुद्धी असून ती तमाशात का घालवता? ते शब्द फंदींच्या मनाला लागले आणि ते कीर्तनाकडे वळले. अहिल्याबाईंचा जन्म याच जिल्ह्यातल्या चोंडी गावचा. म्हणजे गंमत बघा, आज जिल्ह्याला ज्यांचं नाव आहे त्या अहिल्याबाई आणि तालुक्याचा सर्वांत नामवंत शाहीर यांच्यातच हा प्रश्न निघाला होता. तमाशा चांगला की वाईट? तो वाद दोनशे वर्षांनंतरही मिटलेला नाही.

आता ते हिवरगाव पावसा आठवा. तिथली पवळा भालेराव हिवरगावकर. पूर्वी तमाशात बाईचं काम मुलगेच करत. फडावर उभ्या राहिलेल्या पहिल्या स्त्रियांमध्ये पवळेचं नाव घेतात. महार समाजात तिचा जन्म झाला. तिच्या लोकांना गावच्या विहिरीला हात लावायची बंदी होती, असा तो काळ. आणि तिचं गाणं ऐकायला मुंबईच्या थिएटरांत झुंबड उडे! तिच्यासाठी गाणी रचणारे पठ्ठे बापूराव जन्मानं ब्राह्मण, रेठरे हरणाक्षचे कुलकर्णी. घरदार सोडून ते फडात आले, म्हणून लोकांनी त्यांना नावं ठेवली. गाणं डोक्यावर घ्यायचं आणि गाणाऱ्याला दारात उभं करायचं नाही! हे वागणं बरोबर होतं का, तुम्हीच ठरवा.

संगमनेर हेच ज्यांचं घर झालं, त्या कांताबाई सातारकर. जन्म १९३९. पती तुकाराम खेडकर हेही नामांकित तमासगीर. १९६४ साली ते वारले. पदरात लहान मुलं. कांताबाई डगमगल्या नाहीत. पुढे त्यांनी स्वतःचा फड उभा केला आणि गावोगाव नेला. मुलगा रघुवीर खेडकर सोंगाड्या म्हणून नावाजला. राज्य सरकारचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार कांताबाईंना मिळाला. २५ मे २०२१ रोजी संगमनेरमध्ये कोरोनानं त्यांना नेलं.

त्या साथीनं फडांनाही सोडलं नाही. मार्च २०२० मध्ये, ऐन जत्रांच्या तोंडावर, सगळं बंद झालं. पुढचा हंगामही गेला. ढोलकी वाजवणारे हात मजुरीला लागले. तमासगिराला महिन्याचा पगार कुठला? खेळ झाला तर चूल पेटणार. हंगामासाठी काढलेलं कर्ज मात्र डोक्यावर तसंच!

आणखी एक अडचण आहे, आणि तिला दोन बाजू आहेत. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला बंदी. वर्षातले फार तर १५ दिवस सरकार रात्री बारापर्यंत सूट देऊ शकतं. नियम योग्यच आहे. गावात आजारी माणसं असतात, तान्ही बाळं असतात, दहावीचा अभ्यास करणारी तुमची ताईही असते. पण त्यामुळे रात्रभराचा खेळ दोन-तीन तासांत आटपावा लागतो. मग कात्री लागते ती वगाला, म्हणजे खऱ्या अभिनयालाच. काही ठिकाणी दिवसा खेळ करतात. तुम्ही सरपंच असता तर काय केलं असतं? वर्गात एकदा या विषयावर वाद घालून बघा.

पुढच्या जत्रेला घरातल्या मोठ्यांबरोबर जरूर जा. भोंग्याच्या तोंडाशी बसू नका, कान जपा. स्टेजच्या कडेला, ढोलकीवाल्याचा डावा हात दिसेल अशी जागा धरा. आवडलं तर खुशाल आरोळी ठोका, टोपी उडवा! पण नाचणाऱ्या ताईला उद्देशून कुणी अचकट-विचकट बोलत असेल, तर त्यात हसू मिसळू नका. गणापासून वगाच्या शेवटापर्यंत बसा आणि टाळ्या वाजवूनच उठा. तुम्ही घरी जाऊन पांघरुणात शिरता, तेव्हा त्यांना अजून कनात सोडायची असते, ट्रक भरायचे असतात आणि उजाडायच्या आत पुढचं गाव गाठायचं असतं.