नानाखेड्यात न निघालेलं रॉक स्टेशन

आमच्या घरातल्या रेडिओवर संध्याकाळी आजोबांचा हक्क असायचा. आकाशवाणी इंदूरवर ‘खेती-गृहस्थी’ लागायचं आणि नंदाजी-भेराजी माळवीत गप्पा सुरू करायचे. आजोबांच्या नावावर गुंठाभर शेत नव्हतं, घरात बोलणं मराठी; तरी खतं, कीड, पाऊसपाणी सगळं ते मन लावून ऐकायचे. रात्री जेवणं आटोपली की रेडिओ माझा.

नानाखेडा तेव्हा उज्जैनचं टोक. घरामागे शेतं, पुढे इंदूर रोड. भारनियमन पाचवीला पुजलेलं होतं, आणि माझ्या ते पथ्यावरच पडायचं. बत्ती गेली की ट्यूबलाइटच्या चोकची, पंख्याच्या रेग्युलेटरची घरघर थांबायची आणि सेलवरच्या रेडिओत शॉर्टवेव्ह स्वच्छ लागायचं. काटा केसभर सरकवत मी बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस शोधायचो. जॉन पील खर्जात, कंटाळल्यासारखा बोलायचा आणि कोणी नावही न ऐकलेला बँड लावायचा. डेव्ह ली ट्रॅव्हिसच्या ‘अ जॉली गुड शो’मध्ये जगभरातल्या श्रोत्यांच्या फर्माइशी असत. हा आवाज थेट लंडनहून येतो असं मला वाटे. खरं तर आपल्या भागासाठी ओमानजवळच्या मसीरा बेटावरून, सिंगापूरहून तो पुन्हा प्रक्षेपित होई. तिथून निघालेल्या लहरी आयनांबरावर आपटून खाली यायच्या. तो थर सतत हलता, म्हणून गिटारचा सोलो ऐन भरात आला की आवाज विहिरीत उतरल्यासारखा खोल जायचा. पुढची सुरावट मग आपल्याच मनाने पुरी करायची.

काका हसायचे. त्यांच्या पिढीचं सगळं सीलोनवर झालं होतं. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहितीमंत्री झाले, त्यांनी आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळपास हद्दपार केलं आणि रेडिओ सीलोनचं फावलं. महायुद्धात सैनिकांसाठी उभारलेला दणकट ट्रान्समीटर सीलोनच्या हाती आयताच आला होता. हिंदी गाण्यांसाठी सीलोन लावणाऱ्यांच्या कानावर इंग्रजी पॉपही पडे. “बीटल्स मला सीलोननं दिले, एका मराठी मंत्र्याच्या कृपेनं,” असं काका म्हणत.

ऑक्टोबर २००१ मध्ये इंदूरला रेडिओ मिर्ची ९८.३ सुरू झालं. मिर्चीचं देशातलं हे पहिलं स्टेशन. एफएमच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात, इंदूर पन्नासेक किलोमीटरवर. म्हणून गच्चीत बांबूला तार बांधली. आवाज आला, खरखरत का होईना. निवेदक थेट आमच्यासारखं बोलत होते. गाणी मात्र सिनेमाचीच.

राग यायचा, पुढे त्यामागचा हिशेब कळला. लिलावात घेतलेल्या परवान्याची फी दरवर्षी पंधरा टक्क्यांनी वाढणार होती. जाहिरातदाराला दुकानदार, रिक्षावाले, गृहिणी असे सगळे श्रोते एकदम हवे होते. मुंबईसारख्या शहरात इंग्रजी संगीत लावणारं ‘गो ९२.५’सुद्धा पुढे ‘रेडिओ वन’ होऊन हिंदीकडे वळलं. मग उज्जैनमध्ये रॉक कोण आणि कोणाच्या भरवशावर लावणार?

आता फोनवर जगातलं कुठलंही रॉक स्टेशन लागतं, आवाजही खाली जात नाही. त्यातल्या कुणाला नानाखेड्याच्या बसस्टँडची खबर नसते. तरी वाट अगदीच बंद नाही. सामुदायिक रेडिओचे परवाने २००६ पासून स्वयंसेवी संस्थांनाही मिळतात: शंभर वॉटची शक्ती, गावापुरता पल्ला, आणि निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक लोकांच्या सहभागातून झालेले. आमच्या जिल्ह्यातले प्रह्लादसिंह टिपानिया तंबुऱ्यावर कबीर गातात, तो जोश ऐकल्यावर इथल्या पोरांना गिटार परकी वाटण्याचं कारण नाही. निवेदकांबाबत मात्र माझी एक अट आहे. पीलची नक्कल करणारे नकोत. नंदाजी-भेराजींसारखी जोडी हवी, डिस्टॉर्शन म्हणजे काय ते माळवीत भांडून समजावणारी.