कारणांचा कागद

लेखनवाचन हा मुलांच्या परीक्षेपुरता विषय, अशी आपल्या घरांतून सर्वसाधारण समजूत असते. माणसाची मोकळीकही त्यावर अवलंबून असू शकते, हे नागपूरच्या एका प्रकरणावरून आमच्या ध्यानात आले.

१९६१ साली नागपूरच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी हरिकिसन नावाच्या गृहस्थास प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेत ठेविले. अटकेची कारणे त्यास इंग्रजीत देण्यात आली. ती भाषा त्यास अवगत नव्हती, म्हणून त्याने हिंदी तर्जुमा मागितला. तो मिळाला नाही. पोलीस अधिकाऱ्याने मजकूर तोंडी समजावून दिला आहे, सरकारी भाषा इंग्रजी आहे, तेव्हा एवढे पुरे, असे उच्च न्यायालयासही वाटले. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये ते मत अमान्य करून त्याची सुटका केली. राज्यघटनेच्या बाविसाव्या अनुच्छेदाप्रमाणे कारणे कळवावयाची असतात. आणि बंदिवानास जे उमगत नाही, ते त्यास कळविले असे म्हणता येत नाही, हा त्या निकालाचा आशय. केवळ गुजराती जाणणाऱ्या लल्लुभाई पटेल यांच्या प्रकरणीही तेच ठरले.

आम्ही संस्कृताच्या वळणावर वाढलेले. श्रवणाची थोरवी आम्हांस कोणी सांगावयास नको. परंतु गुरूने एक संथा दिली की शिष्यास विद्या आली, असे कोणताही वैदिक म्हणणार नाही. एक ऋचा बसावयास किती आवर्तने लागतात! मग पानेच्या पाने आरोप एकदा कानांवरून गेल्यावर त्यांचे खंडन लिहावे तरी कसे?

आणि येथे खंडनावाचून दुसरा आधार नाही. नेहमीच्या खटल्यात साक्षी, उलटतपासणी, वकील ही सामग्री असते. स्थानबद्धतेत मनुष्य पुढे काही करील या संशयावरून आत जातो. महाराष्ट्राच्या १९८१ च्या धोकादायक व्यक्तींविषयीच्या कायद्याने ही मुदत बारा महिन्यांपर्यंत जाऊ शकते. कारणे पाच दिवसांत द्यावयाची, तीन आठवड्यांत प्रकरण सल्लागार मंडळापुढे ठेवावयाचे, असे नियम आहेत खरे. पण त्या मंडळापुढे वकील उभा करण्याचा हक्क नाही. बंदिवानाच्या हाती राहतो तो कारणे वाचून लिहिलेला अर्ज.

आमचे थोरले बंधू यावर एकदा जेवताना उसळून म्हणाले, "गुंडपुंडांस कसले आले आहे व्याकरण?" आम्ही त्यांस पुण्याच्या नातू बंधूंची आठवण दिली. १८९७ मध्ये रँडच्या खुनानंतर सरदार घराण्यातील त्या दोघा भावांस १८२७ च्या रेग्युलेशनखाली, खटला न चालविता, अटकेत ठेविले होते. तेव्हा प्रश्न गुंडांचा नव्हता. दादा काही बोलले नाहीत. जेवण झाल्यावर सुपारी कातरीत बसले.

येथे घोडबंदरास, गेल्या पावसाळ्यात, खाडीकडच्या वस्तीतील एक बाई कागदांचे बाड घेऊन आमच्या ओटीवर आली. मुलगा स्थानबद्ध, दूरच्या तुरुंगात. "गुरुजी, माझ्या पोराला कशापायी नेला, ते ह्यात कुठं आहे, तेवढं दाखवा," एवढेच तिचे मागणे. मुलगा आमचा जुना विद्यार्थी. तो गरीब गाय आहे असे आम्ही म्हणणार नाही. शाळेतही त्याच्या हाताला खाज होतीच. पण आदेश मराठीत असला, तरी ज्या जबान्यांवर तो उभा होता, त्यांच्या झेरॉक्स प्रतींतील कित्येक पाने काळ्या डागांपलीकडे काही दाखवीत नव्हती. चष्मा लावून, भिंग घेऊन, उन्हात धरूनही अक्षर लागेना.

आम्ही पेन्सिलीने त्या पानांचे आकडे एका कागदावर उतरविले. अशी न वाचता येणारी पाने दिल्यामुळेही आदेश रद्द झालेले आहेत, हे आम्हांस ठाऊक होते. म्हणून तिला ठाण्याच्या एका ओळखीच्या वकिलाकडे त्याच दिवशी जाण्यास सांगितले. मुलास पाठवावयाच्या पत्रात सुवाच्य प्रती मागण्याचा मसुदा आम्ही लिहून दिला, मराठीत, मोठ्या अक्षरांत. ती तो घडी करून पिशवीत ठेवू लागली, तेव्हा आम्ही तो तिच्याकडून एकदा वाचून घेतला. सातवीपर्यंत शिकलेली बाई; अडखळत, पण सगळा वाचला.