रक्षकाला स्वतःचे मूल का नसते?

ए. जे. क्विनेल या टोपणनावाने फिलिप निकल्सन यांनी लिहिलेली 'मॅन ऑन फायर' ही कादंबरी १९८० साली प्रसिद्ध झाली. तिच्यावरून दोन इंग्रजी चित्रपट निघाले, १९८७ मध्ये आणि २००४ मध्ये. २००५ सालचा 'एक अजनबी' हा हिंदी चित्रपट म्हणजे तीच कथा बँकॉकला नेऊन सांगितलेली. अभिजनांच्या समीक्षेला अशा कथांचे वावडे असते. मला मात्र ही कथा दीर्घकाळ छळत आली आहे, आणि त्याचे कारण वाङ्मयबाह्य आहे, हे आधीच सांगून टाकतो.

कथासूत्र थोडक्यात असे. क्रीझी हा जुना सैनिक आणि नंतरचा भाडोत्री लढवय्या. दारूने पोखरलेला, जगण्याची इच्छा उरलेली नाही. अपहरणांनी ग्रासलेल्या इटलीत एक उद्योजक आपल्या लहान मुलीसाठी त्याला अंगरक्षक नेमतो; नेमतो तो मुख्यतः स्वस्तात मिळतो म्हणून. मुलगी त्याच्याशी हट्टाने मैत्री करते, तो तिला शाळेच्या शर्यतीसाठी तयार करतो. मग अपहरण होते. कादंबरीत मुलगी मरते आणि क्रीझी सूडाला निघतो. टोनी स्कॉटच्या २००४ च्या चित्रपटात कथा मेक्सिको सिटीत घडते. तोवर इटलीतली परिस्थिती पालटली होती. ओलिसाच्या कुटुंबाची मालमत्ता गोठवणारा कायदा तेथे १९९१ साली झाला होता. चित्रपटातला क्रीझी अमेरिकी गुप्तचर यंत्रणेसाठी माणसे मारण्याचे काम करून आलेला आहे. येथे मुलगी जिवंत असते आणि तिच्या बदल्यात तो स्वतःला अपहरणकर्त्यांच्या स्वाधीन करतो.

'लोकप्रिय साहित्य' शिकवताना मी हे दोन्ही शेवट वर्गापुढे ठेवतो. कोणता शेवट प्रामाणिक, यावर तास कसा संपतो ते कळत नाही. माझा प्रश्न मात्र वेगळा असतो. दोन्हीकडे क्रीझी निपुत्रिक, एकटा का?

आता वाङ्मयबाह्य कारणाकडे येतो. माझे चुलते मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि पुण्यात एका कारखानदाराच्या बंगल्यावर सुरक्षारक्षक म्हणून लागले. मालकांच्या मुलीला शाळेत पोहोचवणे आणि परत आणणे हे त्यांचे मुख्य काम. ते त्यांनी अकरा वर्षे केले. या अकरा वर्षांत काहीही घडले नाही. बंगल्यापाशी रेंगाळणाऱ्या गाड्यांचे क्रमांक ते एका वहीत टिपून ठेवीत. अशा सात वह्या त्यांच्या पश्चात ट्रंकेत सापडल्या. "काही झालं नाही, हीच आमची नोकरी," असे ते म्हणत. न घडलेल्या गोष्टीची कादंबरी होत नाही. क्विनेललाही अपहरण घडवून आणावेच लागले.

परंतु चुलत्यांना स्वतःची एक मुलगी होती. माझी ही चुलत बहीण सातारा जिल्ह्यातल्या गावी आजीजवळ वाढली. वडील वर्षातून दोनदा यायचे. तिने मला एकदा सांगितले, "नाना बाजारात माझ्याबरोबर चालायचे ना, ते नेहमी रहदारीच्या बाजूनं आणि एक पाऊल मागून. इतर मुलींचे वडील बोट धरायचे. मला आधी वाटायचं, मी कुणीतरी मोठी आहे. मग कळलं, त्यांना दुसरं चालताच येत नाही." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर ऐकणे सोपे गेले असते.

क्रीझीच्या एकटेपणाचे कथेतले कार्य मला तेव्हा उमगले. त्याला घरी मुलगी असती, तर मालकाच्या मुलीवरचे त्याचे प्रेम इतके निर्मळ वाटले नसते. वाचकाच्या मनात दुसऱ्या मुलीचा हिशेब सुरू झाला असता. त्याचप्रमाणे लेखकाने खऱ्या बापालाही अपहरणाच्या कटात सामील केले आहे, विम्याच्या पैशासाठी. बाप विश्वासघातकी ठरला की पित्याची जागा रिकामी होते आणि पगारी माणूस तेथे बसू शकतो. एका बाजूला मूल नसलेला रक्षक, दुसऱ्या बाजूला नालायक बाप: या दोन सोयींवर कथेची सारी करुणा उभी आहे. सैनिकाचा उद्धार होतो तो या सोयींच्या आडोशाने.

म्हणून कथा खोटी ठरते का? मला तसे वाटत नाही. चित्रपटातली मुलगी पोहण्याच्या शर्यतीत बंदुकीच्या आवाजाला बिचकते, आणि ज्याचे आयुष्य त्या आवाजात गेले तो माणूस तिची ती भीती घालवतो. या प्रसंगाची सच्चाई कोणी नाकारू नये. चुलत्यांनीही त्या मुलीला सायकल शिकवली होती. आमच्या बहिणीला ती गावातल्या मुलांनी शिकवली.

समीक्षेला एवढेच विचारता येते की प्रेमाची वेळ कोणाच्या पगारावर खर्च झाली, आणि ती कोणाच्या वाट्यातून वजा झाली. त्या सात वह्या आज बहिणीकडे आहेत. तिने त्या रद्दीत घातल्या नाहीत, वाचल्याही नाहीत. आत केवळ आकडे आहेत, हे तिला ठाऊक आहे.