गोदाकाठची सकाळ : रामकुंड ते जुनी गढी

नाशिकला येणारी कुटुंबे बहुधा ठरावीक क्रमाने फिरतात. गजपंथाचे दर्शन, पांडवलेणी, त्र्यंबकेश्वराचा रस्ता आणि परतीची गाडी. यात गोदावरीच्या वाट्याला रामकुंडावरची दहा मिनिटे येतात. वास्तविक रामकुंडापासून नदीच्या प्रवाहाबरोबर खाली जाऊन, पूल ओलांडून, दुसऱ्या काठाने परत येणारा सुमारे तीन किलोमीटरचा फेरा आबालवृद्धांना झेपणारा आहे. त्यात मोठी चढण नाही, आणि नाशिकचा सर्वांत जुना पुरावा या वाटेवर उभ्या कड्याच्या रूपाने समोर येतो.

या फेरीसाठी कार्तिक ते माघ हा काळ उत्तम. हिवाळ्यात सूर्योदय सातच्या सुमारास होतो. त्याच वेळी रामकुंडावरून निघावे. नवकारसीचे प्रत्याख्यान असणाऱ्यांना हा बेत सोयीचा आहे. सूर्योदयानंतरची अठ्ठेचाळीस मिनिटे पूर्ण होईपर्यंत पहिला काठ चालून होतो आणि उकळलेले पाणी घेण्यासाठी पुलाजवळ विसावता येते. थांबत, पाहत चालल्यास दोन तास पुरतात. घाटाच्या पायऱ्या ओल्या व निसरड्या असतात. म्हणून तळवा घट्ट धरणारी पादत्राणे आणि ज्येष्ठांसाठी काठी अवश्य असावी. सन २०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीमुळे काठावर ठिकठिकाणी कामे निघतात. वाट खुली असल्याची खात्री आदल्या दिवशी करून घ्यावी.

पावसाळ्यात मात्र हा बेत आखू नये. शहराच्या वर गंगापूरचे मातीचे धरण आहे. ते १९६५ मध्ये पूर्ण झाले. धरणातून विसर्ग सुरू झाला की रामकुंडाचा परिसर पाण्याखाली जातो. नाशिककरांची पूर मोजण्याची पट्टी म्हणजे पात्रातील दुतोंड्या मारुती. पाणी त्याच्या पायाला, कमरेला की छातीला लागले, यावरून सराफ बाजारातील दुकानदार माल वर चढवतात. १९६९ आणि २००८ चे पूर आजही गावाच्या बोलण्यात आहेत.

रामकुंडाजवळ गोदावरी दक्षिणेकडे वळते. डाव्या काठाने, म्हणजे पंचवटीच्या बाजूने, खाली निघाले की नारोशंकराचे मंदिर लागते. १७४७ मध्ये बांधलेल्या या मंदिराची मोठी घंटा वसईच्या विजयाची खूण मानली जाते. पुढे भाजीबाजाराची गजबज आणि गाडगे महाराज पूल. पात्राकडे पाहिले की काही ठिकाणी काँक्रीटचा तळ दिसतो. त्याखाली नदीतील जुनी कुंडे झाकली गेली होती. नागरिकांच्या पाठपुराव्यानंतर त्यातील काही भाग अलीकडे मोकळा करण्यात आला आहे.

पुलावरून उजव्या काठाकडे, जुन्या नाशिकच्या बाजूला, मातीचा उंच उभा कडा दिसतो. हीच जुनी गढी. लोक तिला मातीची गढी किंवा काझीची गढीही म्हणतात. दिसायला साधी टेकडी. पण माणसांनी शेकडो पिढ्या एकाच जागी राहून, घरे पाडून, पुन्हा बांधून रचलेला हा थर आहे. १९५०-५१ मध्ये डॉ. ह. धी. सांकळिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी येथे आणि संगमनेरजवळच्या जोर्वे येथे उत्खनन केले. ताम्रपाषाण काळापासून सातवाहन काळ आणि पुढे मुसलमानी-मराठा अमलापर्यंतच्या वस्तीचे पुरावे त्यांना मिळाले. याच डॉ. देवांनी पुढे जैन श्रमणसंघाच्या इतिहासावर ग्रंथ लिहिला. १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेला तो ग्रंथ अभ्यासकांना आजही आधारभूत वाटतो. आचार्य जिनप्रभसूरींच्या चौदाव्या शतकातील ‘विविधतीर्थकल्प’ या ग्रंथात नासिक्यपुराचा स्वतंत्र कल्प आहे आणि तो चंद्रप्रभ स्वामींच्या तीर्थाशी जोडलेला आहे. तेव्हा गजपंथाच्या डोंगराइतकेच हे नदीकाठचे नगरही जैन स्मृतीत आहे.

आज ही गढी ढासळत आहे. पावसाचे पाणी मातीत मुरते, कडा सुटतो आणि माथ्याच्या कडेला असलेली घरे उघडी पडतात. दर पावसाळ्यात तेथील कुटुंबांना घरे सोडण्याच्या नोटिसा मिळतात. हातावर पोट असलेली ही माणसे रोजगाराजवळचा निवारा सहजासहजी सोडू शकत नाहीत. संरक्षक भिंतीची मागणी जुनी आहे. पण भिंत बांधताना पुरातन थरांनाही जपावे लागते आणि माणसांनाही. दोन्ही राखणारा मार्ग काढणे हीच खरी कसोटी आहे.

म्हणून प्रवाशांनी गढीच्या कडेवर चढू नये. ती पाहण्याची योग्य जागा पूल आणि पलीकडचा काठ हीच. सकाळचे कोवळे ऊन कड्यावर पडले की मातीतील थरांच्या रेषा दुरूनही ओळखू येतात. पायथ्याशी खापराचा तुकडा सापडला तरी उचलू नये. जागेवरून हललेल्या खापराची साक्ष संपते. आणि माथ्यावरच्या घरांची छायाचित्रे कुतूहलापोटी काढू नयेत. तेथे कोणाचा तरी संसार चालू असतो.

परतीची वाट उजव्या काठाने यशवंतराव महाराज पटांगणावरून सुंदरनारायण मंदिराकडे जाते. १७५६ मधील या मंदिराचे दगडी काम निवांत पाहावे. तेथून होळकर पूल ओलांडला की फेरा रामकुंडावर पूर्ण होतो. वेळ असल्यास जुन्या नाशिकमधील जिनालयात दर्शन घ्यावे. म्हसरूळच्या गजपंथासाठी मात्र दुसरी सकाळ राखून ठेवावी; तेथे शेकडो पायऱ्यांची चढण आहे आणि थकल्या पायांनी घाईने केलेली यात्रा मनाला समाधान देत नाही.

मुलांना सोबत न्यावे आणि गढीसमोर थोडा वेळ उभे करावे. आपण ज्या नगरीत आलो ती किती माणसांनी, किती काळ, थर रचत उभी केली, हे त्या कड्याकडे बोट दाखवून सांगता येते. पुढच्या पिढीला तो कडा दाखवता यायचा, तर त्याची आणि त्यावर राहणाऱ्यांची काळजी आज घ्यावी लागेल.