रिकाम्या ट्रॉल्या

मे महिना. पीएलसाठी होस्टेलवरून वाळूजला घरी आलेली. बजाजनगरची दुपार, लाईट गेलेली, आणि समोर 'बायोलॉजी फॉर इंजिनिअर्स'. (कॉन्व्हेंटवाली आहे, माझं मराठी सांभाळून घ्या, मित्रांनो!)

पुस्तकात एक फळमाशी भेटली. १९७३ साली कॅनडात डेव्हिड सुझुकींच्या लॅबमध्ये सापडलेली. साधारण तीस अंशांच्या आसपास गेलं की ती लुळी पडते, गार केलं की परत उठते. नाव 'शिबिरे', म्हणजे जपानीत बधिर. म्हटलं, ही तर मीच!

पेशी बाहेरचं काही आत घेते तेव्हा तिच्या आवरणाला आधी खळगा पडतो. खळग्याची पिशवी होते, पण तिची मान आवरणाला जोडलेलीच राहते. डायनामिन नावाचं प्रोटीन त्या मानेला स्प्रिंगसारखं वेटोळं घालतं आणि जीटीपीच्या ऊर्जेवर आवळून ती तोडतं. सुटलेला माल एंडोसोममध्ये जातो. काय परत पाठवायचं, काय मोडीत काढायचं, ते तिथे ठरतं. शिबिरे माशीत बिघाड आहे तो या डायनामिनमध्येच, हे १९९१ मध्ये कळलं. आपल्या मुंबईत, टीआयएफआरमध्ये, के. एस. कृष्णन यांनी या माश्यांवर बरीच वर्षं काम केलं. डायनामिनला जीटीपी पुरवणारं एन्झाइमही इथे लागतं, हे त्यांनी सहकाऱ्यांबरोबर २००१ मध्ये दाखवलं.

पण माझं एक अडलं. नस तर निरोप बाहेर पाठवते. मग आत घेणं थांबलं म्हणून माशी लुळी का पडावी?

तेवढ्यात पप्पा फर्स्ट शिफ्ट करून आले. घामाघूम. म्हणाले, "आज लाईन दोन तास बंद. माल आहे, माणसं आहेत, पण रिकाम्या ट्रॉल्याच परत आल्या नाहीत. भरणार कशात?"

माझी ट्यूब पेटली! नसही निरोप पिशव्यांतून पाठवते. पिशव्या आवरणात मिसळून जातात. त्या परत आत ओढल्या नाहीत तर पुढचा निरोप भरणार कशात?

"तुझं कसं चाललंय?" पप्पांनी विचारलं.

दर वेळी मी "मस्त" म्हणते. एम-थ्रीचा बॅक लागलाय, हे सहा महिने लपवलं होतं. फोनवर नुसतं "मस्त, मस्त" पाठवत राहिले. परत काही घेतलंच नाही, ना मदत, ना बोलणी. त्या दिवशी सांगून टाकलं.

पप्पा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "अगं, माणूस उन्हातून आल्या आल्या नाही, चहा झाल्यावर सांगायचं असतं हे!"

परत निघताना त्यांनी हातात पाकीट ठेवलं. एम-थ्रीच्या क्लासची फी. पेपर अजून व्हायचाय.