हात घडवताना

आर्णीत कुणाकडे डीजेचं टर्नटेबल असलं, तर ते माझ्या पाहण्यात नाही. माहूर रस्त्याला वरात निघते तेव्हा गाडीवर लॅपटॉप असतो आणि कंट्रोलर. मी डीजेचं सॉफ्टवेअर तपासतो, म्हणून तबकडी मला आकड्यांतून उभी करावी लागते. फिरणारी तबकडी, आणि तिच्यावरचा हातसुद्धा.

लॅपटॉपमधलं गाणं हातानं फिरवण्यासाठी जी टाइमकोडची तबकडी असते, तिच्यावर गाणं नसतंच. सेराटो या डीजे सॉफ्टवेअरच्या तबकडीत 1,000 हर्ट्‌झचा एकच सूर अखंड वाजतो. मिनिटाला 33⅓ फेरे या गतीला एका फेऱ्यात 1,800 लाटा. दोन्ही चॅनेलमध्ये सूर तोच, फक्त एक पाव लाटेनं मागे. तबकडी उलटी फिरली की मागचा पुढे होतो, आणि सॉफ्टवेअरला दिशा उमजते. लाटांच्या उंचीत बारीक फरक ठेवून शून्य-एक गुंफलेले असतात. अशा 20 लाटा ओळीनं नीट वाचल्या की सुई नेमकी कुठे आहे ते कळतं. मार्क हिल्स यांच्या एक्सवॅक्स या मुक्त डीजे सॉफ्टवेअरमध्ये हे सारं कुणालाही वाचता येईल असं उघडं ठेवलेलं आहे. ज्ञान असं मोकळं ठेवणाऱ्यांचं ऋण मला रोज जाणवतं.

एक चॅनेल आडवा, दुसरा उभा मांडला की पडद्यावर वर्तुळ उमटतं. गणितातून आलेलं ते वर्तुळ इतकं निखळ, की त्यावर कुठलंही सॉफ्टवेअर पास होईल. खरा हात तसा नसतो. स्क्रॅच करताना तो पुढे सरतो, मंदावतो, क्षणभर अडतो, मागे येतो. मंदावताना लाटा रुंदावतात, तशा बुटक्याही होतात, कारण सुई धरणाऱ्या चुंबकी कार्ट्रिजमधली वीज सुईच्या थरथरण्याच्या वेगावर असते. हात थांबला की वीजही नाही. वर्तुळ आक्रसत ठिपका होतं, आणि त्या ठिपक्यातून ते उलट्या दिशेनं पुन्हा उमलतं. संथ केलेल्या व्हिडिओत कसबी बोटं पाहत मी हे वळण आकड्यांत उतरवत असतो. गती शून्यातून जाते तेव्हा सॉफ्टवेअरनं जागा धरून राहायला हवं. डीजेचा सगळा भरवसा त्या निमिषावर असतो.

मग त्यात धूळ मिसळायची, घासल्या सुईची खरखर. आणि मांडवात अर्थिंग ढिलं असलं की येते ती आपल्या विजेची 50 हर्ट्‌झची घरघरही. ती मिसळली की वर्तुळाचा मध्य तिरपा डोलू लागतो, आणि खरी तपासणी तिथून सुरू होते.